चिमाजी अप्पा : शत्रूशी दिलदार, घरात कठोर

विद्यार्थी मित्रांनो, आपल्याकडे तारापूर म्हटलं की काय आठवतं? अणुऊर्जा केंद्र, बोईसरची एमआयडीसी, सकाळच्या लोकलची गर्दी. फार तर चिंचणीचा समुद्रकिनारा. पण तारापूर गावात खाडीच्या तोंडाशी एक जुना किल्ला उभा आहे. त्याच्या शेजारून आपण कितीतरी वेळा जातो, पण तो कोणाचा, तिथे काय घडलं, हे क्वचितच कोणी विचारतं. जानेवारी १७३९ मध्ये या किल्ल्याच्या तटावर जी लढाई झाली, तिच्यामागे एक तिशीतला सेनापती होता. त्याचं नाव चिमाजी अप्पा.

तुमच्यापैकी काहींनी ना. सं. इनामदारांची 'राऊ' ही कादंबरी वाचली असेल. १९७२ साली ती प्रसिद्ध झाली आणि आजही मराठीतल्या गाजलेल्या ऐतिहासिक कादंबऱ्यांत तिचं नाव घेतलं जातं. ती बाजीराव आणि मस्तानी यांची कहाणी आहे. तिच्यात चिमाजी अप्पा भेटतात ते बाजीरावांचे धाकटे भाऊ म्हणून. भावावर जीव असलेले, पण मस्तानीच्या बाबतीत घराच्या बाजूने उभे राहिलेले. कादंबरी वाचून आपण अप्पांवर थोडे रागावतो. आणि वसईच्या किल्ल्यात गेलो, तिथे त्यांचा पुतळा पाहिला, की त्याच माणसापुढे हात जोडतो.

मग खरे अप्पा कोणते? आजच्या पाठात आपण त्यांचं आयुष्य क्रमाने पाहणार आहोत, आणि हा प्रश्न मनात ठेवूनच पाहणार आहोत.

शौर्याबरोबर आणखी काय?

आधी एक शब्द समजून घेऊ. युरोपात मध्ययुगात घोडेस्वार योद्ध्यांसाठी वागण्याचे काही नियम मानले जात. दिलेला शब्द पाळायचा, शरण आलेल्याला मारायचं नाही, स्त्रियांचा मान राखायचा, शूर शत्रूची कदर करायची. सर वॉल्टर स्कॉट या कादंबरीकाराने 'आयव्हॅन्हो' आणि 'द टॅलिस्मन' या कादंबऱ्यांत हेच विषय घेतले. 'द टॅलिस्मन'मध्ये तर शत्रूपक्षाचा सुलतान सलाउद्दीन हाच सर्वांत उदार माणूस दिसतो. आपल्याकडे हरि नारायण आपटे यांनी ऐतिहासिक कादंबरी रुजवली, तेव्हा त्यांच्यासमोरही स्कॉटचा नमुना होता. अशा वागण्याला इंग्रजीत 'शिव्हलरी' म्हणतात. मराठीत आपण क्षात्रधर्म म्हणतो, किंवा साध्या बोलीत दिलदारपणा म्हणतो.

शूर असणं ही एक गोष्ट झाली. जिंकल्यावर हात आवरणं ही दुसरी. आणि ही दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा अवघड आहे.

धाकटा भाऊ

चिमाजी अप्पांचा जन्म १७०७ च्या सुमारास झाला. वडील बाळाजी विश्वनाथ भट, कोकणातल्या श्रीवर्धनचे. पुढे ते छत्रपती शाहू महाराजांचे पेशवे झाले. आई राधाबाई, बर्व्यांच्या घरातल्या. थोरले बाजीराव १७०० साली जन्मलेले, म्हणजे दोघा भावांत सहा-सात वर्षांचं अंतर.

१७२० साली वडील वारले आणि शाहू महाराजांनी पेशवेपद वीस वर्षांच्या बाजीरावांना दिलं. अप्पा तेव्हा तेरा-चौदा वर्षांचे, म्हणजे साधारण तुमच्याच वयाचे. तेव्हापासून दोघा भावांची जी जोडी जमली ती शेवटपर्यंत टिकली. बाजीराव उत्तरेत दौडत असले की अप्पा पुणे, सातारा, कोकण सांभाळत. पैसा उभा करणं, माणसं जोडणं, दरबारातली कुरबुर मिटवणं, ही न दिसणारी कामं बहुतेक अप्पांच्या वाट्याला आली. घरात एखादा भाऊ बाहेर नाव कमावतो तेव्हा दुसरा मागे राहून घर चालवत असतो, तसंच काहीसं.

पण अप्पा नुसते कारभारी नव्हते. २९ नोव्हेंबर १७२८ रोजी माळव्यात अमझेरा इथे त्यांनी मोगल सुभेदार गिरिधर बहादूर आणि त्याचा भाऊबंद दया बहादूर यांचा पराभव केला. दोघेही रणात पडले आणि मराठ्यांना माळव्याची वाट मोकळी झाली. १७३६ च्या एप्रिलमध्ये अलिबागजवळच्या रेवस भागात जंजिऱ्याच्या सिद्दीचा बलाढ्य सरदार सिद्दी सात याला त्यांनी लढाईत संपवलं.

घरात मात्र त्यांच्या वाट्याला दुःख होतं. १७३० च्या ऑगस्टमध्ये मुलगा झाला, सदाशिव. त्याच महिन्यात पत्नी रखमाबाई गेल्या. हे पोरकं मूल आजी राधाबाईंनी वाढवलं. हाच मुलगा पुढे सदाशिवराव भाऊ म्हणून पानिपतावर गेला. त्याच्याकडे आपण शेवटी पुन्हा येऊ. अप्पांचं दुसरं लग्न अन्नपूर्णाबाईंशी झालं. त्यांची स्वतःची प्रकृतीही फार बळकट नव्हती. छातीचं दुखणं मागे लागलेलं होतं.

आपला किनारा कोणाच्या हातात होता?

आता आपल्या भागाकडे येऊ. १५३४ साली गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने वसई पोर्तुगीजांना दिली. तिथून पुढे दोनशे वर्षं वसई हे त्यांच्या उत्तरेकडच्या प्रदेशाचं मुख्य ठाणं होतं. अर्नाळा, केळवे, माहीम, शिरगाव, तारापूर, डहाणू आणि थेट दमणपर्यंत त्यांच्या लहान-मोठ्या कोटांची माळच होती. आज पश्चिम रेल्वेने विरारहून डहाणूकडे जाताना डाव्या हाताला समुद्राच्या बाजूला ही सगळी गावं लागतात.

पोर्तुगीजांच्या राज्यात लोकांची मोठी तक्रार होती ती धर्माबद्दल. देवळं पाडली गेली होती. सण-विधी उघडपणे करायला बंदी होती. आईबाप नसलेली मुलं ताब्यात घेऊन त्यांचा धर्म बदलला जाई. वतनदारांच्या जमिनीही जात. अंजूरच्या नाईक घराण्यातल्या गंगाजी नाईकांनी आणि त्यांच्या भावांनी ही गाऱ्हाणी पेशव्यांपर्यंत नेली. नुसती गाऱ्हाणी नेली नाहीत, तर खाड्या, वाटा, किल्ल्यांची कच्ची बाजू यांची माहितीही दिली. मोहिमेचं बीज असं स्थानिक लोकांनीच पेरलं.

१७३७ च्या मार्च महिन्यात मराठ्यांनी ठाण्याचा किल्ला घेतला आणि साष्टी बेट हाती आलं. अर्नाळाही घेतलं. पण वसई काही पडेना. १७३८ च्या सुरुवातीला केळवे-माहीमला तर मराठ्यांनाच जबर मार बसला. पोर्तुगीजांची कुमक समुद्रातून आली, वेढा मोडला, चांगली चांगली माणसं कामास आली.

तेव्हा अप्पांच्या लक्षात एक गोष्ट आली. वसईवर नुसत्या धडका मारून उपयोग नाही. आधी तिचे हातपाय तोडले पाहिजेत. उत्तरेला दमणकडून येणारी मदत थांबवायची, तर माहीम ते डहाणू हा सगळा पट्टा आपल्या हाती हवा. गोव्याहून मदत येऊ नये म्हणून त्यांचे मेहुणे व्यंकटराव घोरपडे इचलकरंजीकर गोव्याच्या हद्दीत शिरले. आणि अप्पा स्वतः १७३८ सरता सरता कोकणात उतरले.

माहीम ते तारापूर

जानेवारी १७३९. हे तीन-चार आठवडे पालघर तालुक्याच्या इतिहासातले सर्वांत धामधुमीचे म्हणायला हवेत. ज्या माहीमने वर्षभरापूर्वी मराठ्यांना मागे रेटलं होतं, ते आता शरण आलं. पाठोपाठ केळवे आणि शिरगाव पडलं. मग पाळी आली तारापूरची.

तारापूर सहज मिळालं नाही. तटाखाली सुरुंग खणले गेले. काही उडाले, काही फुसके निघाले. जिथे भगदाड पडलं तिथून माणसं घुसली, जिथे नाही पडलं तिथे खंदक ओलांडून शिड्या लावल्या. बाजी भीवराव रेठरेकर, रामचंद्र हरी, यशवंतराव पवार, तुकोजी पवार हे सरदार स्वतः पुढे होते. आतले सैनिकही शेवटपर्यंत लढले. शरण जाण्याऐवजी ते हातघाईवर आले आणि त्यांतले बहुतेक तिथेच पडले. मराठ्यांचीही फार हानी झाली. बाजी भीवराव याच लढाईत कामास आला. पेशव्यांच्या घरोब्यातला हा माणूस. त्याचं जाणं अप्पांना फार लागलं.

आता इथे थांबून एक गोष्ट लक्षात घ्या. आपला जिवलग माणूस ज्यांच्या गोळीने गेला, त्यांच्याबद्दल माणूस सहसा काय बोलेल? शिव्याच देईल. पण या मोहिमेची त्या काळातली पत्रं वाचली तर वेगळं दिसतं. तारापूरचे फिरंगी किती शर्थीने लढले, हे मराठ्यांच्या बाजूच्या लिखाणात मोकळेपणाने मान्य केलेलं आहे. शत्रूचं शौर्य कमी करून सांगितलं की आपला विजय मोठा दिसतो, असं आपल्याला वाटतं. खरं तर उलट आहे. समोरचा शूर होता हे मान्य करायला मन मोठं लागतं. दिलदारपणाची सुरुवात इथून होते.

वसई आणि तिच्या अटी

तारापूरनंतर डहाणूपर्यंतचा किनारा मराठ्यांकडे आला. फेब्रुवारी १७३९ मध्ये अप्पा वसईसमोर येऊन बसले. दक्षिणेकडे भाईंदरजवळची धारावी घेऊन खाडीची वाटही अडवली. मल्हारराव होळकर, राणोजी शिंदे, समुद्रावर मानाजी आंग्रे, सगळे मदतीला होते.

वसईचा किल्ला तुम्ही पाहिला असेल. तीन बाजूंनी पाणी आणि दलदल. जमिनीवरून जायला वाळूची एकच बाजू. तिथेच सगळी ताकद लावावी लागली. मराठे सुरुंग खणत, आतले लोक उलटे खणून ते निकामी करत. आतल्या लोकांनी मुंबईच्या इंग्रजांकडे मदत मागितली. इंग्रजांनी थोडं कर्ज दिलं, तेही चर्चमधली चांदी आणि तोफा तारण घेऊन! आतला सेनाधिकारी जुआंव झेव्हियर द पिंटो मारला गेला. त्याच्या जागी कायतान द सौझा पेरेरा आला आणि त्यानेही लढाई चालूच ठेवली.

याच काळात दिल्लीत नादिरशहाने कत्तल मांडली होती. बाजीराव उत्तरेकडे जायला निघाले होते, त्यांना फौज हवी होती आणि फौज वसईत अडकलेली. पावसाळाही तोंडावर आलेला. अप्पांवर किती ताण असेल याची कल्पना करा. किल्ला हाती लागत नसेल तर निदान आपलं डोकं तरी तोफेच्या तोंडी देऊन आत टाका, असं ते सरदारांना म्हणाल्याची आख्यायिका आपल्याकडे घरोघरी सांगतात. वज्रेश्वरी देवीला त्यांनी नवस बोलल्याचंही सांगतात, आणि आजचं वज्रेश्वरीचं देऊळ त्या नवसातूनच उभं राहिलं असं मानलं जातं.

मे महिन्याच्या मध्यावर मोठे सुरुंग उडाले, बुरूज ढासळला आणि दोन दिवस घनघोर लढाई झाली. अखेर १६ मे १७३९ रोजी वसईने शरणागती पत्करली. या वेढ्यात पोर्तुगीजांचे आठशे लोक मेले किंवा जखमी झाले. मराठ्यांनी आपलं स्वतःचं नुकसान पाच हजारांच्या वर मान्य केलं.

पाच हजार माणसं! सूड घ्यायचा असता तर कारण तयार होतं. शिवाय दोनशे वर्षांच्या धर्मछळाची आठवण होती. गाव लुटून, आतल्यांची कत्तल करून सैन्याला मोकळं सोडणं त्या काळात काही नवीन नव्हतं. अप्पांनी काय केलं? त्यांनी अटी ठरवल्या आणि त्यावर शब्द दिला. किल्ल्यातल्या सैनिकांनी हत्यारांसह, ढोल वाजवत, निशाणं फडकवत सन्मानाने बाहेर पडावं. बायका-मुलांना, घरच्या चीजवस्तूंना धक्का लागणार नाही. निघायला आठ दिवसांची मुदत. दोन्हीकडच्या कैद्यांची सुटका. आणि ज्यांना इथेच राहायचं असेल त्यांनी राहावं, आपला ख्रिस्ती धर्म पाळावा.

आठ दिवस संपले. लोक जहाजांत बसून गेले. तोवर मराठे किल्ल्याबाहेर थांबले. पाच हजार माणसं गमावलेलं सैन्य आठ दिवस दाराबाहेर थांबतं, यात सेनापतीची किती जरब आणि किती नीती असेल!

यात सगळंच स्वच्छ होतं असं नाही. वसईतल्या चर्चच्या मोठ्या घंटा मराठे सरदारांनी विजयाची खूण म्हणून नेल्या. नाशिकची नारोशंकराची घंटा त्यातलीच. भीमाशंकरला, वाईजवळ मेणवलीला अशा घंटा आजही आहेत. युद्ध शेवटी युद्धच. पण माणसांना दिलेला शब्द मोडला गेला नाही, ही गोष्ट मोठी आहे.

त्या स्त्रीची गोष्ट

वसईच्या विजयाबरोबर आणखी एक गोष्ट सांगितली जाते. किल्ल्यातल्या पोर्तुगीज अधिकाऱ्याच्या घरची एक स्त्री मराठ्यांच्या हाती सापडली आणि अप्पांनी तिला मानाने परत पाठवलं, अशी ती गोष्ट. कल्याणच्या सुभेदाराच्या सुनेला शिवाजी महाराजांनी सन्मानाने परत पाठवलं, ही गोष्ट तुम्हाला माहीत आहेच. त्याच माळेतली ही दुसरी.

विनायक दामोदर सावरकरांनी 'सहा सोनेरी पाने' या ग्रंथात या दोन्ही प्रसंगांवर टीका केली. शत्रूने आपल्या स्त्रियांशी जे वर्तन केलं ते पाहता हे औदार्य अस्थानी होतं, असा त्यांचा रोख होता. तुम्ही मोठेपणी हा वाद वाचाल, म्हणून आताच त्यावर विचार करून ठेवा.

मला विचाराल तर, उत्तर शोधायला फार लांब जायला नको. वसईत जा. तिथली चर्च पाहा. तिथल्या ख्रिस्ती घरांत कादोडी बोलतात, वाडवळी बोलतात, शाळेत मराठी शिकतात. १७३९ नंतरही ही माणसं इथेच राहिली, कारण जिंकणाऱ्याने त्यांना राहण्याची मोकळीक दिली होती. त्याच वसईच्या मातीतले फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. सूड घेतला असता तर जिंकणाऱ्यांना चार दिवस समाधान मिळालं असतं. शब्द पाळला, म्हणून पावणेतीनशे वर्षांनंतरही शेजार टिकला.

घरातली लढाई

आता अवघड भाग. इथपर्यंतचे अप्पा आपल्याला आवडतात. पण वसईच्या विजयाला वर्षही झालं नव्हतं, तेव्हा याच अप्पांच्या समोर दुसरा प्रसंग उभा राहिला.

१७२९ साली बुंदेलखंडचे राजे छत्रसाल संकटात असताना बाजीरावांनी त्यांना सोडवलं होतं. त्यानंतर मस्तानी बाजीरावांच्या आयुष्यात आली. १७३४ साली त्यांना मुलगा झाला, तोच समशेर बहादूर. पुण्याच्या सनातनी वातावरणात हे नातं कोणाला पचलं नाही. राधाबाईंचा विरोध, ब्रह्मवृंदाचा विरोध. १७४० च्या सुरुवातीला घरात रघुनाथरावांची मुंज आणि सदाशिवरावाचं लग्न होतं. मस्तानीमुळे घर वाळीत पडेल, कार्यात विघ्न येईल, ही धास्ती होती. जानेवारी १७४० मध्ये बाजीराव मोहिमेवर असताना पुण्यात मस्तानीला अटकेत ठेवण्यात आलं. पुढाकार बाजीरावांचा मोठा मुलगा नानासाहेब याचा, आणि त्याला काका चिमाजी अप्पांची संमती होती.

पाहा मित्रांनो, कसा विरोध आहे! पोर्तुगीजांच्या बायका-मुलांना धक्का न लावता जाऊ देणारा सेनापती, आणि भावाच्या जिवाभावाच्या माणसाला कोंडून ठेवायला मान डोलावणारा दीर. दोघे एकच.

अप्पा दुष्ट होते का? नाही. भाऊ वाहवत चालला आहे, घराण्याची अब्रू जाते आहे, दौलतीवर परिणाम होईल, असं त्यांना मनापासून वाटत होतं. आईचं मन मोडवत नव्हतं. म्हणजे त्यांच्या दृष्टीने ते कर्तव्यच करत होते. पण स्वतः शाहू महाराजांचा कल हे प्रकरण ताणू नये, बाजीरावांचं मन दुखवू नये, असाच होता. म्हणजे वेगळा विचार करणारी माणसं तेव्हाही होती. काळच तसा होता, असं म्हणून आपल्याला सुटता येत नाही.

शत्रूशी उदार होणं का सोपं जातं? शत्रू आठ दिवसांत निघून जातो. त्याच्याशी वागण्याचे नियम ठरलेले असतात, आणि नियम पाळला की जग वाहवा करतं. घरातल्या माणसाला रोज स्वीकारावं लागतं. तिथे वाहवा करायला कोणी नसतं, उलट चार लोक नावं ठेवतात. तिथे आपल्या नीतीची खरी परीक्षा होते.

शेवटचे महिने

फेब्रुवारी १७४० मध्ये दोघे भाऊ पुन्हा खांद्याला खांदा लावून लढले. गोदावरीकाठी निजामाचा मुलगा नासिरजंग याला त्यांनी नमवलं आणि मुंगी-शेवगावचा तह केला. दोघांची ही शेवटची मोहीम. मग बाजीराव नर्मदेकडे खरगोणच्या बाजूला गेले, अप्पा पुण्याकडे वळले.

या निरोपानंतर अप्पांच्या मनात काय चाललं होतं, ते त्यांनी मार्च महिन्यात नानासाहेबांना लिहिलेल्या पत्रातून कळतं. भावाचं मन थाऱ्यावर नाही, आपण समजूत घालून पाहिली पण उपयोग झाला नाही, अशी व्यथा त्यात आहे. आणि पुण्याला पोचल्यावर मस्तानीला त्यांच्याकडे पाठवून द्यावं, असाही विचार त्यात आहे.

वाचताना काळजात कालवतं. अप्पांचं मन पालटत होतं. ज्या दाराला कडी घालायला त्यांनी संमती दिली, तेच दार उघडायला ते निघाले होते. पण वेळ उरला नव्हता. २८ एप्रिल १७४० रोजी नर्मदेकाठी रावेरखेडी इथे बाजीराव तापाने गेले. वय फक्त ३९. त्यानंतर थोड्याच काळात मस्तानीही गेली. तिची कबर पुणे जिल्ह्यातल्या पाबळला आहे.

आता पेशवेपद कोणाला? अप्पा कर्तबगार होते, वसईचे विजेते होते, दौलतीचा सगळा कारभार त्यांच्या हाताखालून गेलेला. पण त्यांनी स्वतःचं नाव पुढे केलं नाही. बाबूजी नाईक बारामतीकर पेशवेपदासाठी खटपट करत असताना अप्पा पुतण्याच्या पाठीशी घट्ट उभे राहिले, आणि नानासाहेबांना पेशवाईची वस्त्रं मिळाली. याच घराण्यात पुढे, १७७३ साली, काका रघुनाथराव आणि पुतण्या नारायणराव यांच्या वैरातून शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून झाला. तो प्रसंग आठवला की अप्पांनी काका म्हणून काय केलं, याची किंमत कळते.

भावामागे अप्पा आठ महिनेही जगले नाहीत. १७ डिसेंबर १७४० रोजी, तेहतिशीच्या आसपास, छातीच्या दुखण्याने त्यांचा अंत झाला. अन्नपूर्णाबाई सती गेल्या. पुण्यात मुठेच्या काठी ओंकारेश्वराजवळ अप्पांची समाधी आहे.

दोन मुलं, एक रणांगण

मस्तानीचा मुलगा समशेर बहादूर तेव्हा सहा वर्षांचा होता. आई गेली, बाप गेला. पण त्याला पेशव्यांनी टाकलं नाही. तो त्यांच्याच घरात वाढला, त्याला सरदारकी मिळाली. ज्या घराने आईला सामावून घेतलं नाही, त्याच घराने मुलाला मात्र आपलं मानलं. चूक पूर्ण भरून निघत नाही, पण पुढची पिढी ती थोडी कमी करू शकते.

१४ जानेवारी १७६१. पानिपत. मराठ्यांचा सेनापती होता सदाशिवराव भाऊ, चिमाजी अप्पांचा मुलगा. आणि त्याच्या फौजेत लढत होता समशेर बहादूर, मस्तानीचा मुलगा. भाऊ रणात पडला. समशेर जबर जखमी होऊन पुढे भरतपूरच्या बाजूला गेला आणि त्या जखमांनीच मरण पावला. वडिलांच्या पिढीत जी भिंत उभी राहिली होती, ती मुलांच्या पिढीत एका रणांगणावर उरली नव्हती.

मित्रांनो, 'राऊ' वाचलीत तर अप्पांवर रागवा, हरकत नाही. पण मग एकदा तारापूरच्या तटाकडे आणि वसईच्या त्या अटींकडेही पाहा. आणि वसईच्या पुतळ्यापुढे हात जोडाल तेव्हा पाबळची कबरही आठवा. ऐतिहासिक कादंबरी आपल्याला माणसं जवळून दाखवते. इतिहास त्याच माणसांच्या तारखा, तह आणि पत्रं समोर ठेवतो. दोन्ही वाचलं तरच माणूस पुरा दिसतो.

विचार करा आणि लिहा

१. तारापूरच्या लढाईनंतर शत्रूच्या शौर्याची कदर का केली गेली असावी? आठ-दहा ओळींत लिहा.

२. वसईच्या शरणागतीच्या अटींपैकी तुम्हाला सर्वांत महत्त्वाची कोणती वाटते? कारण द्या.

३. परक्या माणसाशी आपण नीट वागतो, पण घरातल्या किंवा वर्गातल्या एखाद्याला दूर ठेवतो, असं तुमच्या आसपास कधी घडतं का? कोणाचंही नाव न घेता लिहा.

४. जवळच्या केळवे, माहीम, शिरगाव किंवा तारापूर यांपैकी एका किल्ल्याला घरच्या मोठ्या माणसांबरोबर भेट द्या आणि त्याचा नकाशा काढून आणा.